न मोजलेले अठरा श्वास

मंगळवार, संध्याकाळ. अकोला.

तक्त्यावर मी 'अठरा' लिहिलं. मोजलं नव्हतं.

सकाळी दहाला सुमनमावशींचं मनगट धरून उभी होते. दर्यापूरकडच्या, भाजी पिकवून विकणाऱ्या. काल पोटाचं ऑपरेशन झालेलं. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, गुपचूप छातीकडे बघत मिनिटभर श्वास मोजायचे, हे शिकाऊ मुलींना मीच शिकवते. आणि मी? मनगट सवयीनं धरून ठेवलं, पण डोक्यात पुढचे सहा पेशंट होते, म्हणून सगळ्या लिहितात तसं अठरा लिहून मोकळी झाले.

त्यांची सून तेव्हाच म्हणाली होती, "सिस्टर, आई लय भरभर दम घेऊन राहिल्या." मी म्हटलं, "टाके दुखतात, म्हणून." काहून म्हटलं तसं? एकदा बघितलं तरी असतं.

अकराला सूनच धावत आली. आता मोजले, तर चौतीस. ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना बोलावलं. दुपारपर्यंत मावशी सावरल्या. पण तो एक तास माझ्या अठरानं खाल्ला. डॉक्टर तक्ता बघून म्हणाले, "दहाला तर ठीक होत्या." मी हो म्हणून मान हलवली. चक्क हलवली!

ड्यूटी संपताना मावशींनी जवळ बोलावलं. म्हणाल्या, "सकाळी मले लय भेव वाटून राहिलं होतं. पण तू किती वेळ माहा हात धरून उभी होती ना बाई, त्याच्यानंच धीर आला."

उद्या डॉक्टरांना खरं सांगेन. मावशींना कोणत्या तोंडानं सांगू?