तुटलेल्या औषधाचं पाणी

११ मार्च
औषधकंपनीच्या सांडपाण्यात ओझोन सोडला. पिवळेपणा गेला, तपासणीच्या आलेखात औषध दाखवणारं टोकही गेलं. प्लँटचे साहेब खूश. मी नाही. औषध तुटलं, पण तुकडे कुठं गेले? त्याच पाण्यात मूग भिजवले होते. एकालाही मोड नाही.

१९ मार्च
पाचोडहून मामांचा फोन. विहीर आटलीय, मोसंबी माना टाकतेय. माझ्या प्रयोगाचं आईनंच त्यांच्या कानावर घातलं असणार.
"साफ केल्यालं पाणी फेकून देता म्हणं? एक टँकर इकडं धाड की, पोरी."
"मामा, त्यात औषधाचा अंश असतो."
"मग बेसच की! फवारणी वाचंल."
हसले. मग हसल्याची लाज वाटली. तापाचंही औषध, फवारणीचंही औषध; मी तरी वेगळा शब्द कुठून देऊ?

२ एप्रिल
नळीत मँगनीजच्या गोळ्या भरल्या. हा उत्प्रेरक असला की ओझोन तुकड्यांचेही तुकडे पाडतो. निदान पुस्तकात तरी. मुगाला मोड आले, पण वाकडे, आखूड. पडेगावात घरी नळ आजही कोरडा. आईवर उगाच खेकसले.

९ एप्रिल
साहेब पाणी बिल्डरला देणार. "काँक्रीटला काय होतंय, मॅडम?" मी हो म्हटलं. संध्याकाळपर्यंत आईकडून मामांना कळलंच.
"इमारतीला पाणी हाय अन् झाडाला नाय व्हय?"
इमारतीला फळं लागत नाहीत, हे सुचलं ते फोन ठेवल्यावर.

१७ एप्रिल
गोळ्या जास्त भरल्या, पाणी जास्त वेळ ठेवलं. मूग सरळ! विश्वास बसेना, पुन्हा लावले. जीव थाऱ्यावर नाही.

२१ एप्रिल
पुन्हा सरळ. पण आलेखात एक बारीक उंचवटा उरलाय, कशाचा ते कळत नाही. मूग उगवला म्हणून तो अनोळखी अंश मोसंबीत उतरणार नाही, हे कोण सांगणार? मीच. दुसरं आहे कोण.
मामांना फोन लावला, मामींनी उचलला.
"बागंत गेलेत, कुऱ्हाड घिऊन. वाळल्याली तोडतो म्हंत्यात. हिरवी बी ठेवायचे नाईत, डोकं फिरलंय."
"थांबवा त्यांना, मामी. मी निघालेच."
"पाणी घिऊन येतीस का नुस्तीच?"
आवाज येत नाहीये असं मीच म्हणाले आणि फोन ठेवला. आवाज अगदी स्पष्ट येत होता.