बिनब्रेकची गाडी

सांगली,
रविवार

प्रिय ब्राह्मी,

जय जिनेंद्र. हे अक्षर बघून तू आधी पाकीट उलटंपालटं करशील, हे अण्णाचंच का म्हणून. माझंच आहे. शाळा सुटल्यापासून सह्या आणि वर्कशॉपमधल्या जॉबची मापं सोडून मी काही लिहिलेलं नाही, आणि खिशात फोन असताना फलटणला पत्र टाकणारा माणूस आता खुळाच म्हणायचा. पण फोनवर मला जमत नाही. गेल्या तीन महिन्यांत फोनवर मी तुला काय काय सांगितलं ते आठवून बघ. आक्का बरी आहे, चाललंय, काळजी करू नकोस. आक्का बरी नाही, ब्राह्मी. आणि बाकीचंही खरं नव्हतं.

आक्काचं मोडलेलं हाड जुळलंय. मिरजेच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, आता झोपवून ठेवायचं कारण नाही, धरून उभं करा, रोज पाच पावलं का होईना चालवा. मग मला बाहेर बोलावून सांगितलं, की अजून महिनाभर अशीच पडून राहिली तर पुन्हा उठायची नाही. नवा वॉकर आणून बारा दिवस झाले. पलंगाशेजारी उभा आहे आणि आक्का त्याला हात लावत नाही. समजावून झालं, रागावून झालं. आपली आई भिंतीकडं तोंड करून पडते. मला वाटलं, पडल्याची भीती बसलीय. ती भीती नव्हे. पण ते शेवटी लिहितो, कारण आत्ताच लिहायला घेतलं तर मी पेन टाकून उठेन.

हा नवा वॉकर मी निवडलेला नाही. आक्काच्या पायाचे व्यायाम घ्यायला अपेक्षा नावाची एक फिजिओथेरपिस्ट मुलगी येते, तिनं निवडला. आम्ही दोघं दुकानात गेलो. तिथं ओळीनं मांडलेले वॉकर दिसताच मी सवयीनं पहिल्याचं चाक बोटानं फिरवलं, वेल्डिंगवर नख ओढून बघितलं. ती म्हणाली, काका, चाक किती फिरतंय ते नका बघू, थांबतंय कसं ते बघा. मग तिनं मला हात सोडून ताठ उभं केलं आणि मनगटाची घडी दाखवली. वॉकरची मूठ इथवर आली पाहिजे, म्हणजे धरल्यावर कोपर जरासं वाकतं आणि माणूस पुढं ओणवत नाही. चार चाकांचा, हातात ब्रेक आणि बसायला पाट असलेला जो असतो तो तोल शाबूत असलेल्या पण लवकर थकणाऱ्या माणसाला. ज्याला अंगाचा भार टाकावा लागतो, त्याला पुढं दोन चाकं आणि मागं रबरी बूट असलेला. भार पडला की बूट जमीन धरतात. आक्काला आता हाच. पाच मिनिटांत तिनं सगळं सांगितलं, आणि मी म्हणणार होतो, की तीस वर्षं चाकं आणि शाफ्ट करतोय पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते ओठांवरच राहिलं. तू सांगितलं होतंस.

दसऱ्याला आली होतीस तेव्हा आक्काचे गुडघे पार गेले होते. घरापासून बस्तीचं मंदिर दोनशे पावलं, पण देवापुढं जाऊन यायला तिला सकाळचे साडेदहा वाजायचे. दर तीस-चाळीस पावलांवर कुणाच्या तरी कट्ट्यावर बसायची. आणि दर्शन झाल्याशिवाय पाण्याचा घोटही घ्यायचा नाही हा तिचा नेम आपण कळायला लागल्यापासून बघतोय. एकदा निम्म्या वाटेवरून परत आली आणि तो अख्खा दिवस तशीच राहिली. तुझ्या वहिनीनं, दीपालीनं, हातापाया पडून बघितलं, तर म्हणे नेम माझा हाय, तुझ्या जिवाला कशाला घोर. तेव्हा तू पर्समधून टेप काढून आक्काच्या मनगटापर्यंतचं माप घेतलंस, दाराची रुंदी घेतलीस, बस्तीच्या फाटकाचीही घेतलीस. चित्रं दाखवून म्हणालीस, अण्णा, हा घे, चार चाकी, हाताशी ब्रेक आहे, थकली तर त्यावरच बसेल. बस्तीत न्यायची म्हणून आक्कानं फक्त मुठीला चामडं नाही ना एवढं विचारलं. आणि मी हसलो. माझ्या शॉपमधून बाहेरच्या देशात जॉब जातात आणि माझ्या आईनं दुकानातली पत्र्याची गाडी ढकलायची का, असं म्हणालो. तू टेप परत पर्समध्ये टाकलीस. तुझा राग मला दिसला होता, पण मला वाटलं गाडी बघशील आणि जाईल.

आठ दिवस दुसरं काम बाजूला ठेवलं. स्टेनलेसचा पाईप स्वतः वाकवला, बफिंग असं केलं की तोंड दिसावं. देवापुढं वाहायच्या तांदळाची डबी ठेवायला पुढं कडी केली. मुठींना रबर, चामडं नाही. मापं तू काढलेलीच घेतली, ते मात्र खरं. आणि चाकांत सगळ्यात भारी बेअरिंग बसवलं. एक टिचकी मारली की चाक मिनिटभर फिरत राहायचं. आमचा फिटर गुंडा, साठीचा माणूस, हातातलं काम टाकून बघत उभा राहिला आणि म्हणाला, आवं मालक, झ्याक झालंय, पर ह्येला थांबवायचं कसं? मी त्याला म्हटलं, म्हातारी काय शर्यतीत पळणार आहे? ब्रेक लावला असता तर केबल आली असती, लिव्हर आला असता, आणि माझ्या त्या नितळ पाईपावर ते लोंबकळलेलं मला बघवलं नसतं. आमच्या धंद्यात सगळं आयुष्य घर्षण कमी करण्यात जातं, ब्राह्मी. घर्षण लागतं कुणाला, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आक्का गाडी घेऊन गेली त्या पहिल्या दिवशी आठच्या आत परत आली आणि आठला चहा प्याली. अख्ख्या गल्लीत सांगत सुटली, माझ्या मदननं केली. पण त्याच संध्याकाळी मला म्हणाली, गाडी लय पळतीया रं, मला वढून न्हेती. मी म्हटलं, पळतीय म्हणजे जमलीय. चार दिवसांनी पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी जेवत होतो आणि तिच्याकडं मान वर करूनही बघितलं नाही. मग तिनं मला सांगणं सोडलं आणि दीपालीला सोबत न्यायला लागली. दीपाली गाडीच्या पुढच्या दांडीला हात लावून उलटी चालायची, गल्लीचा उतार संपेपर्यंत. हे मी कधी बघितलं नव्हतं, मला नंतर कळलं.

दिवाळीनंतरचा तो दिवस. मोठ्या गिऱ्हाइकाकडून तपासणीला माणसं येणार होती, मला डबा साडेसहाला हवा होता. दीपाली म्हणाली, आधी आत्यांना बस्तीत सोडून येते. मी खेकसलो, रोज काय पहारा देतीस, गाडी आहे की. ती आत वळली. मी मोटरसायकल बाहेर काढत होतो तेवढ्यात आक्का निघाली. आपल्या घरापासून कोपऱ्यापर्यंत गल्ली नवी काँक्रिटची केलीय, तिथं चांगला उतार आहे. तिथं माझ्या डोळ्यांदेखत गाडी सुटली. आक्का दोन्ही मुठी धरून तिच्यामागं पळत होती. शहात्तर वर्षांची बाई, ब्राह्मी, पळत होती. ओरडली नाही. कोपऱ्यावर गाडी गटाराच्या कडेला धडकून थांबली आणि आक्का बाजूला आपटली. सगळ्या काँक्रिटवर तांदूळ पसरले. गल्लीत अजून कुणी नव्हतं. आवाजानं दीपाली धावत आली, तिनं आक्काचं डोकं मांडीवर घेतलं. आणि मी आधी गाडी उचलली. आधी गाडी उचलून घराच्या आत ठेवली आणि मग आईकडं गेलो. हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही.

दवाखान्यातून मी तुला फोन केला तेव्हा म्हणालो, अंगणात फरशी ओली होती, गाडी धरायच्या आधीच घसरली. का म्हणालो? तू म्हणाली असतीस, मी सांगत होते. एवढं एक वाक्य ऐकायला लागू नये म्हणून. दीपालीचं नाव मी घेतलं नव्हतं, पण आपल्या अंगणातली फरशी कोण पुसतं हे तुला माहीत आहे आणि मलाही माहीत होतं. तू आलीस आणि वॉर्डात सगळ्यांसमोर विचारलंस, वहिनी, सकाळी उठून फरशी पुसायची एवढी काय घाई पडली होती? दीपालीनं माझ्याकडं बघितलं. मी सलाईनच्या बाटलीकडं बघितलं. तिच्या माहेरावरून जे निघालं तेही मी ऐकलं. आक्का शुद्धीवर होती, ती डोळे मिटूनच म्हणाली, माझाच पाय घसरला, कुणाला बोलू नगा. तेव्हापासून तू दीपालीशी बोललेली नाहीस. फोन तिनं उचलला तर अण्णाला द्या म्हणतेस, आणि ती मला आणून देते.

तुला एक गोष्ट माहीत नाही. आक्का बस्तीत जाऊ शकत नाही, मग तिचा नेम कसा चालतोय, हे तू एकदाही विचारलं नाहीस, आणि मीही सांगितलं नाही. दीपाली रोज पहाटे अंघोळ करून अनवाणी बस्तीत जाते. अभिषेक होईपर्यंत थांबते आणि वाटीत गंधोदक, ते अभिषेकाचं पाणी, घेऊन येते. ते आक्काच्या कपाळाला, डोळ्यांना लावते, मग आक्का पाणी पिते. बस्तीतल्या उपाध्यांना विचारून दीपालीनंच ही वाट काढली, आजारपणापुरती. तीन महिन्यांत एक दिवस चुकलेला नाही, तिला ताप होता तेव्हाही. मला या तीन महिन्यांत तिनं एका शब्दानं विचारलेलं नाही. विचारलं असतं तर मी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. ती डबा भरून देते आणि मी घेऊन जातो.

आता ते सांगतो. परवा दुपारी दीपाली बाहेर गेल्यावर आक्कानं मला जवळ बसवलं. म्हणाली, मदन, मी नेम धरलाय. तू ब्राह्मीला खरं सांगितल्याबिगर मी त्या नव्या गाडीला हात लावणार न्हाई. सून माझ्यासाठनं अनवाणी जाती आणि लेक तिच्याशी बोलत न्हाई, असल्या घरात मी चालून कुठं जाऊ? मी म्हटलं, तूही खोटंच बोललीस की. तर म्हणे, व्हय, बोलले, त्येचंच प्राचित्त हाय. तिचे नेम तुला ठाऊक आहेत, देवाधर्मापुढं डॉक्टरचं काही चालत नाही तिथं. म्हणून हे पत्र. मी आपणहून लिहिलं असतं का? नसतं लिहिलं, हेही कबूल करतो. शनिवारी अपेक्षा येणार आहे. त्याच्या आत फोन कर. मला नको, दीपालीला कर. मला जे बोलायचं ते नंतर बोल, सगळं ऐकून घेतो. एवढं लिहून मी आक्काला वाचून दाखवलं. ती सगळं डोळे मिटून ऐकत होती. उताराचा भाग आला तेव्हा थांब म्हणाली. तू लिवलंस गाडी सुटली आणि मी मुठी धरून पळाले, पण का धरल्या ते लिवलं न्हाईस. मी विचारलं, का धरल्यास, सोडली असतीस तर गुडघ्यावर बसली असतीस फार तर. तर म्हणाली, सोडली आस्ती तर गटारात गेली आस्ती रं. तू आठ दिस खपून केल्याली.

तुझाच,
अण्णा