एक हात खिशात

अण्णा, दुकानाची एकच फळी उघडून तुमच्या स्टुलावर बसून लिहितोय. तीन वाजलेत. पाच वाजता ऑर्केस्ट्राचा टेंपो अकलूजला निघणार आणि त्यात मी केलेलं एक लाकडी खोकं आहे. त्या खोक्यानं कुणाचा तरी जीव जाईल, असं जेवताना एकदम मनात आलं आणि घास तसाच ताटात राहिला. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. पण हे दुसऱ्या कुणाला सांगू? आई आधी रडेल आणि मग विचारेल, कॉलेज सोडलंस ते ह्यासाठी का.

तुम्ही मला एकदाच मारलंत. मी सातवीत होतो. भवानी पेठेतल्या एका विणकराचा रेडिओ टेबलावर उघडा, चालू, आतले काचेचे व्हॉल्व्ह लाल तापलेले. मी दोन्ही हात आत घातले. कानाखाली अशी बसली की मी स्टुलावरून खाली. ‘‘एक हात खिशात ठेव म्हणून किती येळा सांगायचं रे तुला? एका हाताला बसला तर झटकशील तरी. दोन्ही हात दिलेस की मधी छाती येती, छाती!’’ मग तुम्हीच समोरून भजी मागवलीत आणि स्वतःच्या खिशातला टेस्टर काढून माझ्या खिशाला अडकवलात. करंट असला की त्याच्या पोटातला दिवा नारिंगी लागतो, तो. अजून तो माझ्याच खिशाला आहे. आजही सेट उघडला की डावा हात आपोआप खिशात जातो. गिऱ्हाइकं म्हणतात, पोरगं लई रुबाबात काम करतंय.

कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं. वर्गातला एकजण एका मुलीबद्दल वाह्यात बोलला, मी त्याला बाकावरून ओढून हाणला. प्राचार्य माफी माग म्हणाले, मी मागितली नाही. तिच्या घरी माग आहेत, घरात तेलुगू बोलतात, ती ऑर्केस्ट्रात गाते. मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल. ती म्हणाली, ‘‘तुला कुणी सांगितलं होतं की रे? चिडलास की कान तेवढे लाल होतात, अक्कल कुठं जाते?’’ एवढं बोलली तरी मला ते आठवडाभर पुरलं.

ह्या उन्हाळ्यात ती दुकानात आली, सोबत ऑर्केस्ट्रातला गिटारवाला. त्याला गिटारचा आवाज घुमवून देणारं यंत्र हवं होतं. आवाज स्प्रिंगांतून फिरवून आणला की घुमतो, हे मी एका मासिकात वाचलेलं. दुसऱ्या दिवशी ती घरच्या मागाच्या सामानातल्या चार बारीक स्प्रिंगा रुमालात बांधून घेऊन आली. रुमाल मी परत दिला नाही. पहिला व्हॉल्व्ह फार जोराचा निघाला. तार छेडली की पत्र्यावर खिळे सांडल्यासारखा खणखणाट. मग तुमचा डबा काढला, वर्तमानपत्रात गुंडाळलेले व्हॉल्व्ह एकेक लावून पाहिले. पाचवा जरा मवाळ होता. तो बसवला आणि आवाज असा आला, जणू सुट्टीच्या दिवशी रिकाम्या मिलमध्ये कुणी एकटंच गातंय. ती डोळे मिटून ऐकत होती. मी तिच्याकडे बघत होतो आणि तो माझ्याकडे.

फक्त ट्रान्सफॉर्मरची गुणगुण स्प्रिंगांत शिरायची. ‘‘एवढं माशीचं गाणं बंद करा की, मेकॅनिकसाहेब,’’ तो हसून म्हणाला. आणि जाताजाता, ‘‘आमचं दिवाळीनंतर करायचं ठरलंय. पत्रिका पहिली तुम्हालाच.’’ त्या रागात मी ट्रान्सफॉर्मर उपटून काढला आणि सगळं सामान तुमच्या एका बिनट्रान्सफॉर्मरच्या जुन्या सेटच्या सांगाड्यावर चढवलं, व्हॉल्व्हही त्यातलेच घेतले. गुणगुण गेली. पण असल्या सेटात घरची लाइन सरळ आतल्या पत्र्याला येते. प्लग कसा लागला, त्यावर पत्रा जिवंत की मेलेला ते ठरतं. म्हणून तर तुम्ही बटणांचे स्क्रूसुद्धा मेणानं बुजवायचात, पोराबाळांचं बोट लागू नये म्हणून. मीही मेण भरलं. पण गिटारची वायर त्याच पत्र्याला आणि तारा त्या वायरला. गिटारला हात लावण्यासारखं दुसरं काय असतं तारांशिवाय? काल त्यानं खोकं नेलं तेव्हा घाईत हे सांगायचं राहून गेलं.

आज जेवताना तालमीतलं एक आठवलं. गाणं संपलं की ती पुढं होते, डाव्या हातात लोखंडी माइक तसाच, आणि उजवा तळवा गिटारवर ठेवून तारा गप्प करते. त्यांची ती लकब आहे, लोक टाळ्या वाजवतात. दोन्ही हात, अण्णा. तिला कुणी कधी कानाखाली मारलेली नाही.

सव्वातीन झाले. ट्रान्सफॉर्मर पिशवीत घातलाय, तो मधे बसला की लाइन पत्र्याला पोचत नाही; पकड, सोल्डर घेतलंय. टेंपोपाशी पोचायला सायकलवर पाऊण तास पुरे झाला. तो हसेल, गुणगुण परत आली म्हणेल, म्हणू दे. सेटात काही बदल केला की तुम्ही आत पेन्सिलीनं लिहून ठेवायचात, तसं मीही लिहीन. हा कागद तुमच्या व्हॉल्व्हच्या डब्यात तळाशी ठेवतो, दुसरीकडे कुठं जायचाय तो.

वर घाई लिहिलंय, तेवढं खोटं आहे. काल तो चांगला अर्धा तास बसला होता, चहा झाला. मी त्याच्यादेखतच टेस्टर तारेला लावला होता आणि दिवा लागला होता. मी प्लग फिरवला, दिवा विझला. ‘‘काय बघताय?’’ तो म्हणाला. ती त्याच्या बाहीवरचा सुताचा धागा काढत होती. ‘‘काही नाही,’’ मी म्हणालो. एकदा बसू दे ह्याला झटका, एवढंच मनात होतं.