जोडकांडी

४ मार्च
उशिराबद्दल माफी असावी. वही जानेवारीत आणली, रोज लिहायचे ठरवले, आणि आज मार्च उजाडला. माफी कोणाकडे मागतो आहे कोण जाणे. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही. तरी मागितलेली बरी. कारण: जानेवारीत खोकला, फेब्रुवारीत टेन्शन.

टेन्शन असे. चिरंजीवांची ट्रान्सफर झाली. एप्रिलअखेर ते आणि सूनबाई जाणार. तिकडचे घर लहान आहे, हे मला आतापर्यंत बऱ्याच वेळा सांगून झाले आहे. मला इथे एकट्याला ठेवायला तयार नाहीत. म्हणे गॅस चालू राहतो. एकदाच राहिला होता. म्हणजे माझ्या लक्षात आला तो एकदाच.

काल जेवताना चिरंजीव एका 'चांगल्या जागे'बद्दल बोलले. बाग आहे, डॉक्टर येतो, बरोबरीची मंडळी आहेत. मी म्हणालो, वृद्धाश्रम म्हण की सरळ. सूनबाई पाणी आणायला उठली. पाण्याचा जग टेबलावरच होता.

५ मार्च
तोडगा सापडला. बेबी.

बेबी म्हणजे माझी धाकटी बहीण. सत्तरीला आली, पण बेबीच. मेहुणे गेल्यापासून एकटी. बसने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर राहते. ती इथे राहायला आली की सगळेच सुटते. तिला आधार, चिरंजीव मोकळे. मला दोन वेळचे गरम जेवण मिळेल, पण तो भाग गौण. मुख्य मुद्दा तिचा एकटेपणा. बिचारी मनातून वाट बघत असणार. आईच्या घराची वाटणी झाल्यापासून आमचे बोलणे जरा कमी आहे. कमी म्हणजे नाही.

दुपारी फोन केला. आधी कोण ते तिला कळेना. मी सगळे समजावून सांगितले. ती म्हणाली, "बघू."
बघू म्हणजे हो. नाही म्हणायचे असते तर नाही म्हणाली असती. लहानपणापासून सरळ स्वभाव.

६ मार्च
नुसते बोलावून चालणार नाही. मानाने आणले पाहिजे. सकाळी दाढी करताना सुचले: जोडकांडी!

आता कोणाला माहीत नाही. एकाच बर्फाच्या कांडीला दोन काड्या, मधे खाच. केशरी रंग, जीभ संध्याकाळपर्यंत केशरी. सायकलवाला शाळेच्या फाटकापाशी उभा राहायचा. आई दोघांत एकच घेऊन द्यायची. मी थोरला, म्हणून मोडायचे काम माझ्याकडे. कट्ट असा आवाज यायचा. एक तुकडा मला, एक बेबीला. तेवढी माया आताच्या अख्ख्या फॅमिली पॅकमध्ये नाही.

खाच मधोमध असली तरी मोड मधोमध येत नसे. एका बाजूला वरचा कोपरा जास्त जायचा. तो बर्फाचा गुण. मी जन्मभर ट्रकच्या वजनकाट्यावर नोकरी केली आहे, सारखे म्हणजे काय ते मला कोणी शिकवू नये.

ठरले. जोडकांडी घेऊन तिच्या दारात उभे राहायचे, तिच्यासमोर मोडायची, तुकडा हातात द्यायचा. तिथल्या तिथे रडेल. दुसऱ्या दिवशी सामान बांधेल.

९ मार्च
दुकाने पालथी घातली. एका ठिकाणी पोरीने विचारले, कुठला फ्लेवर? मी म्हणालो, दोन काड्यांचा. तिने कप दिला आणि दोन चमचे.

शेवटी आईस्क्रीमच्या होलसेलवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "आजोबा, ती बंद होऊन जमाना झाला. पोरं मोडताना भांडायची, आया आमच्याकडे तक्रारी आणायच्या. आता ज्याची त्याची वेगळी."
ज्याची त्याची वेगळी. त्यात सगळे आले. माझे चिरंजीवसुद्धा आले.

भांडायची म्हणे. आम्ही कधी भांडलो नाही. बेबी शब्द काढत नसे.

१४ मार्च
स्वतः करायची. अवघड काय आहे? पाणी, साखर, रंग. पत्र्याचे काम करणाऱ्याकडून साचा करून घेतला. त्याने विचारले, कशासाठी? म्हणालो, लहान बहिणीसाठी. कितवीत आहे, म्हणाला. मी पैसे मोजून दिले.

१७ मार्च
पहिला प्रयत्न. साचा फ्रीजरमध्ये आडवा झाला. मटार केशरी, बर्फाचा ट्रे केशरी, दार केशरी. सूनबाई काही बोलली नाही. न बोलण्यात ती फार तरबेज आहे. संध्याकाळभर फ्रीजर पुसत होती आणि मी पेपर वाचत होतो. पेपरात काही नव्हते.

२२ मार्च
आता कांडी जमते. मोड जमत नाही. कशीही धरली तरी माझ्या उजव्या हातात मोठा तुकडा येतो. साचा वाकडा आहे. पत्रेवाल्याला दोन शब्द ऐकवून आलो.
घरी सूनबाईने एक सहज मोडून बघितली. बरोबर मधोमध. योगायोग.

बीपी वाढले आहे. गोळी घेतली. की सकाळची धरून दोनदा घेतली?

२८ मार्च
मोहीम फत्ते. जवळजवळ.

कांडी थर्मासमध्ये घातली, भोवती बर्फ. न कळवता गेलो, म्हणजे आनंद जास्त. बस उन्हात उभी राहिली, पुढे टायर बसला. मी थर्मास छातीशी धरून. शेजारच्या बाईने विचारले, देवाचे काही आहे का? म्हणालो, तसेच समजा.

दार एका उंच बाईने उघडले. रिटायर्ड नर्स. मेहुणे गेल्यानंतर इथेच राहायला आली म्हणे. दोघी मिळून पडद्यांचा धंदा करतात, नर्सबाई कापतात, बेबी शिवते. घरभर कापड, शिवणाची मशीन, रेडिओ चालू. मी म्हणालो, मी बेबीचा भाऊ. नर्सबाई म्हणाल्या, "अच्छा, तो दादा." 'तो'वर उगाच जोर.

बेबी आली. जाड झाली आहे. चांगली दिसते. मी आधी थर्मास उघडला. आत केशरी पाणी आणि दोन काड्या. नर्सबाईंनी वाकून बघितले आणि विचारले, कुठल्या लॅबला द्यायचंय?

बेबी इतकी हसली की पदराने डोळे पुसायची वेळ आली. म्हणजे डोळ्यांत पाणी आलेच, मी म्हटले होते तसे. मग मी सांगितले की ही जोडकांडी आहे. तिचे हसू थांबले. नर्सबाई चहा टाकायला आत गेल्या.

बेबी म्हणाली, "आई काय सांगायची आठवतं? एकाने मोडा, दुसऱ्याने निवडा. तू मोडायचास, आणि निवडायचासही तूच."
मी म्हणालो, असे काही आठवत नाही.
"घराचंही तेच केलंस. भिंत कुठे घालायची ते तू ठरवलंस. कुठली बाजू घ्यायची तेही तूच."

मी शांतपणे समजावले. रस्त्याकडच्या खोल्यांत धूळ, हॉर्न, दिवसभर कटकट. ते सगळे मी स्वतःच्या अंगावर घेतले. तिला मागची शांत बाजू दिली. पाण्याचा नळ माझ्या बाजूला आला, ही गवंड्याची चूक. ती ऐकत होती, हातातले कापड दुमडत होती, उलगडत होती. मी विचारले, मग कधी येतेस?

ती म्हणाली, "तुला मी नको आहे रे दादा. तुला घरात माणूस हवंय. ते मला इथे आहे."

मग जेवायला वाढले. चव आईच्या हाताची. दोनदा भात घेतला. नर्सबाईंनी बीपी बघितले आणि बेबीकडे बघितले. दोघी स्टँडपर्यंत सोडायला आल्या. थर्मास तिथेच राहिला. मुद्दाम ठेवला असे समजायला हरकत नाही.

२९ मार्च
शांतपणे विचार केला. 'नाही' हा शब्द तिने एकदाही उच्चारला नाही. बाकी बोलली ते नर्सबाईंनी पढवलेले. शिवाय तिची स्मरणशक्ती गेलेली दिसते, नसलेल्या गोष्टी आठवतात. अशा माणसाला तर घरच्यांची जास्त गरज.

चिरंजीवांना म्हणालो, जवळजवळ नक्की झाले. ते बूट काढत होते. एक पायात तसाच ठेवून म्हणाले, "बाबा, आत्याचा फोन आला होता. ती येणार नाहीये."
मी म्हणालो, भिडस्त आहे.

६ एप्रिल
निश्चय: बेबीला आपण होऊन फोन करायचा नाही. तिला चूक कळू दे.

६ एप्रिल, दुपारी
फोन केला. थर्मासची चौकशी करायची होती. नर्सबाईंनी उचलला. बेबी कापड आणायला गेली आहे म्हणाल्या. मागे मशीन चालू होती. दोघींत मशीन चालवते बेबीच.

१५ एप्रिल
चिरंजीवांनी ती जागा दाखवायला नेले. नुसती बघायला. बाग म्हणजे कुंड्या. खोलीत दोन खाटा, एकीवर एक गृहस्थ भिंतीकडे तोंड करून. मॅनेजरबाई मला एकदम 'काका' म्हणाल्या. निघताना सही केली. चिरंजीव म्हणाले, व्हिजिटरचं रजिस्टर आहे. व्हिजिटरला रक्तगट आणि जेवणाची पथ्ये विचारतात, हे मला नवीन.

परतताना गाडीत मी मागे, चिरंजीव आणि सूनबाई पुढे. मी म्हणालो, जागा वाईट नाही, माझ्यासाठी नाही म्हणा. सूनबाईने पुढच्या सीटवरून मागे हात करून माझ्या गुडघ्यावर ठेवला. गरम होते तरी ठेवू दिला.

२७ एप्रिल, सकाळी
दहाला गाडी येणार. तात्पुरते आहे. चिरंजीवांचे तिकडे बस्तान बसले की बघू असे ठरले आहे. मीच ठरवले. ते हो म्हणाले.

सामान एका बॅगेत बसले. मला वाटले होते दोन लागतील.

बेबीचा निरोप काल चिरंजीवांकडे आला. रविवारी तिकडे भेटायला येईन म्हणाली. आधी राग आला. भेटायला यायला मी काय आजारी आहे? मग बॅग पुन्हा उघडली आणि निळा शर्ट सगळ्यात वर ठेवला. पण कोणता रविवार ते तिने सांगितले नाही आणि चिरंजीवांनी विचारले नाही. आजच्या पिढीला साधा प्रश्न विचारता येत नाही. सकाळपासून फोन लावतो आहे. वाजतो आणि बंद पडतो. म्हणून इथे लिहितो.

बेबी, भेटायची वेळ चार ते सहा, मग फाटक लावतात. कोणता रविवार ते कळव. यायला जमणार नसेल तरी कोणता ते कळव, म्हणजे मी तयार होऊन बसेन. लवकर कळव.