शनिवारी पट्टा घसरतो

गुरु., ६ जून, सिरसाळा
दादांना सोसायटीच्या पशुखाद्याच्या गिरणीतून काढणार! भरडा कमी निघतो, म्हणजे ऑपरेटर मशीन बंद ठेवून झोपतो, असं चेअरमनसाहेब म्हणाले. दुष्काळी चारा छावणीत जनावरं अर्धपोटी, गाव तापलेलं. झोपतात? माझे वडील? मंगळवारी मीटिंग. मी म्हणाले, मोटरचा पट्टा घसरून चक्कीचा वेग पडत असेल, कॉम्प्युटरवर मांडून दाखवते. माझा एम.टेक.चा प्रोजेक्ट तोच तर आहे.

शुक्र., ७
संध्याकाळी पुलीचा वेग मोजला. मॉडेलमध्ये ताण, व्यास, घर्षण सगळं घातलं. तंतोतंत जुळलं. एरवी पेढे वाटले असते. घसरण नावालाच! वेग ठीक, मग भरडा कमी का निघतो? दादा खरंच...
जेवताना दादांकडं बघवेना.
"तुझं कॉम्प्युटर काय म्हनतंय?"
"बघतेय अजून." खोटं बोलले.

शनि., ८
विश्वास बसत नाही. शनिवारी गिरणीतल्या मारुतीला तेल घालताना बायकांनी गिरणीबाहेर थांबायचं, म्हणून कालच मोजून घेतलं होतं. आज हटून दारात उभी राहिले. मारुतीचा कोनाडा बरोबर पट्ट्याच्या वर. चेअरमनसाहेबांचा नवस आहे, पाऊस पडेपर्यंत दर शनिवारी स्वतःच्या हातानं तेल. तांब्याभर ओतलं. भिंतीवरून ओघळ, जाळीतून थेट पट्ट्यावर! मोटर जोरात, चक्की रेंगाळतेय. ते गेल्यावर मोजलं. वेग पार पडलेला! पुढं आठवडाभर पीठ बसून तेल सुकत जातं, आणि मी शहाणी मोजायला गेले शुक्रवारी.

रवि., ९
मॉडेलमध्ये घर्षण कमी केलं, शनिवारचा वेग हुबेहूब आला. वाटलं दादा नाचतील. ते उठून दार लावून आले.
"मीटिंगीत बोलू नगं हे."
"कावून?"
"तेल बंद झालं आन् पाऊस न्हाई आला, तर गाव कुनाला धरंल? नोकरी गेली तरी गावात ऱ्हाता येतंय, पोरी."
आई म्हणाली, कोनाडा सरकवा की. "देव हलवत्यात व्हय?" दादा. लई राग आला मला. दोघांचाही नाही, कुणाचा ते कळेना.

मंगळ., ११
मीटिंग. तेलाचं नाव न घेता नुसता घसरणीचा आलेख दाखवला. साहेब म्हणाले, पट्टा घसरतो कशानं? "तेलानं." तोंडातून निघूनच गेलं. सगळे दादांकडं वळले.
"म्हंजी हा मशिनीवर तेल सांडतो!" साहेब.
दादांनी मान खाली घातली. जणू कबूलच! कशीबशी म्हणाले, शनिवारी मशिनीपाशी चला, तेल कुठून येतं ते सगळ्यांसमोर दाखवते.
"येऊ की. मला तेल घालायला यायचंच हाय." साहेब.
घरी आलो. दादा ओट्यावर बसलेत. धर्मापुरीच्या बाजूला काळा ढग आलाय, सगळी आळी बाहेर येऊन बघतेय. शनिवारच्या आत पाऊस पडला तर नवस फिटला, तेल बंद. मग मी दाखवणार काय? दादाच तेलसांडे ठरणार.
असल्या दुष्काळात मी मनात म्हणतेय, येऊ नको. शनिवारपर्यंत तरी येऊ नको.
गार वारं सुटलंय.