राऊत सिस्टरांच्या हाताखाली

राऊत सिस्टर,

प्रिय लिहिणार नाही. आदरणीय काल बाकीच्यांनी म्हणून घेतलं. ओपीडीच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. डॉक्टरसाहेब म्हणाले, सिस्टरांनी या हॉस्पिटलला शिस्त दिली. मला उभं केलं तेव्हा मी म्हटलं, "मी त्यांच्या हाताखाली शिकले," आणि खाली बसले. लोकांना वाटलं, मला भरून आलं. तसं काही नव्हतं. पुढचं जे होतं ते शोकसभेत बोलता येत नाही, म्हणून तुम्हालाच लिहितेय.

शहाऐंशी साली मी आणि कनीज एकाच दिवशी तुमच्यासमोर उभ्या राहिलो. मी खारबावची, ती पडघ्याजवळची. तिच्या वडिलांचं तिथे किराणा दुकान होतं, आणि त्यांच्या घरात नोकरी करणारी ती पहिलीच मुलगी. दोघींचे ड्रेस कडक इस्त्रीचे, टोप्या पिना लावून घट्ट बसवलेल्या. तुम्ही वरखाली बघितलंत आणि विचारलंत, "टोपी सांभाळणार की पेशंट?"

तुमच्या वॉर्डात नवीन मुलीला नाव नसायचं. "ए नवी, ट्रे आण." "ए नवी, तोंड काय बघतेस?" दोघी समोर असलो की काळी नवी आणि गोरी नवी. काळी मी.

तुमच्या हातात कसब होतं, ते नाकारत नाही. कापड विणायच्या लूमच्या पट्ट्यात हात सापडलेला माणूस आला की डॉक्टरसुद्धा आधी तुम्हाला हाक मारायचे. पण आम्ही बघायला जवळ आलो की तुम्ही पाठ वळवायचात. काही विचारलं की, "परीक्षा पास झालीस ना? मग?" एकदा कनीजला शीर सापडेना. तुम्ही तिच्या हातातली सुई घेतली असतीत तर दोन मिनिटांचं काम होतं. तुम्ही पेशंटला म्हणालात, "भाईसाब, ये सीखने आयी है, आप पे सीखेगी." त्याने हात ओढून घेतला. वॉर्ड हसला. तुम्हीही हसलात.

त्या दिवशी डबा न उघडताच कनीज मला म्हणाली, "माधुरी, यांनाही कोणी असंच शिकवलं असेल का गं?" मला तुमचा राग आला होता. ती मात्र तुमचीच कीव करत होती.

मग ती दुपार. आझमगडकडचा एक पोरगा होता, लूमवर पाय चिरडून ताप चढलेला. त्याला पेनिसिलिन सांगितलं होतं. हे औषध आधी थेंबभर कातडीत टोचून बघतात, अंगावर काही उठत नाही ना, आणि मगच पूर्ण देतात. एवढं कॉलेजात शिकलो होतो. तुम्ही जेवायला निघाला होतात. कनीजने विचारलं, "सिस्टर, याचा टेस्ट डोस झालाय का?"

मी शेजारच्या खाटेची चादर बदलत होते. तुम्ही चालता चालताच म्हणालात, "झालाय. प्रत्येक गोष्ट विचारायची का तुला? दे आणि मोकळी हो."

झाला नव्हता.

सुई काढली आणि पोराचा श्वास अडकला. कनीज तुम्हाला हाका मारत जिन्यापर्यंत धावली. तुम्ही आलात, डॉक्टर आले, करायचं ते सगळं केलंत. पोरगा गेला.

त्याचा भाऊ लूमच्या शेडमधल्या माणसांना घेऊन आला. सगळ्यांच्या केसांत अजून कापसाचे तंतू होते. "किसने सुई लगायी?" त्याने विचारलं. तुम्ही कनीजच्या पाठीवर हात ठेवलात. मला वाटलं, आधार देताय. तुम्ही तिला पुढे ढकललंत. "इसने."

त्याने तिला मारलं. टोपी निसटली, पिनेसकट केस उपटले गेले. तुम्ही मध्ये पडला नाहीत. मी डॉक्टरांना सांगितलं की टेस्ट डोस झालाय असं सिस्टर म्हणाल्या होत्या, मी ऐकलंय. तुम्ही शांतपणे म्हणालात, "डॉक्टर, कालची आलेली ही. मैत्रिणीसाठी खोटं बोलतेय." डॉक्टरांनी कोणाचं ऐकायचं ते ठरवलं. त्यानंतर कित्येक महिने मला बेडपॅन घासायला ठेवलंत, ते तुम्हाला आठवत असेल.

त्याच संध्याकाळी कनीजचे वडील तिला न्यायला आले. त्यांना तुम्ही बसा म्हणालात का? तेवढंही नाही. "घेऊन जा. हिच्या हाताला मेलाय माणूस," असं भर वॉर्डात सांगितलंत. त्या भल्या माणसाने खाली पडलेली टोपी उचलली, रुमालात गुंडाळली आणि मुलीला पुढे घालून निघून गेला.

तुम्ही रिटायर झालात, इनचार्ज मी झाले. आणि या वर्षी तुम्ही सडलेला पाय घेऊन माझ्याच वॉर्डात आलात. साखर अंगात मुरलेली, घरचं कोणी नाही. तुमचं ड्रेसिंग मी संगीताकडे दिलं, नुकतीच पास झालेली मुलगी. तुम्ही तिला म्हणालात, "हात आहेत का लाकडं?" आणि मला म्हणालात, "नवीला माझ्या अंगाला हात लावू देऊ नकोस."

"तीच करेल," मी म्हटलं. "मी शेजारी उभी आहे."

रोज उभी राहिले. तुमच्यासाठी नाही, तिच्यासाठी. ती अडली की हळूच सांगायचे, चुकायला लागली की हात धरायचे. तुम्ही कण्हत असतानासुद्धा बोलायचात, "अशाने शिकतात होय? लाड करून ठेवलेस." तरीही ती शिकली, सिस्टर. शेवटी शेवटी तुमचा पाय तिच्या हातात दुखतही नव्हता. तिला एकदा तरी तसं सांगायला काय झालं होतं तुम्हाला?

आणि इंजेक्शन लिहून दिलं त्या दिवशी तुम्ही उठून बसायला बघत होतात. "टेस्ट केलीस का? माझ्यासमोर कर. माझ्यासमोर." घामाने गाऊन भिजला होता. संगीताने समोर टेस्ट केली. ती गेल्यावर मी विचारलं, "कनीज आठवते?"

"कोण कनीज?"

"गोरी नवी."

तुम्ही भिंतीकडे तोंड वळवलंत. मग म्हणालात, "तिला बाप होता, घर होतं. तिचं लग्न तरी झालं असतं. माझी नोकरी गेली असती तर मला कोण होतं?"

म्हणजे सगळं आठवत होतं. बारा वर्षं. मी पांघरूण नीट केलं आणि बाहेर आले. तुमच्यासाठी मला एवढंच जमलं. तुम्ही गेलात त्या सकाळीही मी रडले नाही. संगीता रडली.

आज शोधत शोधत कनीजच्या घरी गेले. शांतीनगरात राहते, घरात बसून लूमसाठी सुताच्या कांड्या भरते. बोलताना हात थांबत नव्हते. तुम्ही गेल्याचं सांगितलं.

"त्रास झाला का गं?" तिने विचारलं.

"खूप."

तिने भरलेली कांडी बाजूला ठेवली. "माझं नाव घेतलं का कधी?"

तिला काय सांगणार होते? "नाही," म्हटलं.

"बरं," म्हणाली आणि चहा ठेवायला उठली. त्या पोराचा चेहरा अजून दिसतो, असं तिने पाठमोरीच सांगितलं. तुमच्याविषयी परत काही विचारलं नाही.

सोमवारी तीन मुली रुजू होतायत. त्यांना एकटीने औषध द्यावं लागणार नाही, त्या स्वतः 'आता जमतं' म्हणेपर्यंत. चूक झाली तर लोकांसमोर आधी मी जाईन. आणि स्टाफरूममध्ये तुमचा फोटो लावायचा ठराव झालाय, त्याला मी उद्या लेखी विरोध करणार आहे. मी इथे आहे तोवर त्या मुलींना तुमच्या फोटोला नमस्कार करावा लागणार नाही.

माधुरी पाटील