घ्यायच्या जनावराला नावं

बाबा, आटगावच्या घरी ओट्यावर बसून तुम्हाला लिहिते आहे. आज सुट्टी आहे, सकाळची कामं उरकली आहेत, आणि एक गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायला आता फोटो लागतो, पण तुमचं बोलणं मात्र जसंच्या तसं कानात आहे. माझा आवाज म्हणजे फुटका माठ. मी पाय ओढत चालते. मी भाकरी थापत नाही, नकाशे काढते. घरी येईल त्या माणसाला तुम्ही माझी ओळख अशी करून द्यायचात. आई चुलीपुढून म्हणायची, पुरे की आता. तुम्ही कसले पुरे करताय! शेजारची माझ्याच वयाची मुलगी आरती म्हणायला लागली की मात्र तुम्ही मान हलवायचात, चांगली गाते म्हणायचात आणि उठून गोठ्यात जायचात. त्या मुलीचा मला इतका राग यायचा की मी तिच्याशी धड बोलतही नसे.

आणि तो दिवस. सापगावचे पाहुणे मला बघायला आले होते. आईने कौतुकाने स्वतःची ठेवणीतली साडी मला नेसवली होती. मुलाच्या मामांनी पोह्याची बशी हातात घेतली आणि सहज विचारलं, मुलगी घरकामाला कशी आहे. झालं, तुम्ही सुरू झालात. आवाज, चाल, भाकरी, वर हिला राग फार लवकर येतो हेही. मामांचा चमचा हवेतच राहिला. चार दिवसांनी नकार आला. आई डोळे पुसत होती आणि मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. सख्खा बापच परक्यांसमोर असं सांगतो, म्हणजे ते खरंच असणार, असं मी तेव्हा मनाशी ठरवून टाकलं. पुढे शिकले, नोकरी लागली, लग्नही झालं. शहापूर तालुक्यातल्या अंगणवाड्यांवर पर्यवेक्षिका झाले. पण कुठे माइक पुढे आला की माझा घसा बसलेला असायचा. माझ्या घशाची काळजी करून करून बरोबरच्या बाया दमल्या.

यंदा साहेबांनी ऐकलं नाही. सेविकांचं प्रशिक्षण होतं आणि विषय होता, मूल स्वतःकडे बघायला कसं शिकतं. तुम्हीच घ्यायचं, म्हणाले. मी सोमवारी सांगते म्हणून वेळ मारून नेली आणि रविवारी आम्ही नवराबायको म्हशाच्या जत्रेला गेलो, घोंगडी घ्यायला. बैलबाजारात झाडाखाली खाटेवर तुमचे जोडीदार काका बसले होते, ज्यांच्याबरोबर तुम्ही दर वर्षी बैल बघत फिरायचात. आता फार थकलेत. लांबूनच हाक मारली त्यांनी. चालीवरून वळखलं म्हणाले, पाय वढतेस ना. माझा चेहरा पडला असणार. म्हणून की काय, इतकी वर्षं कुणाला न सांगितलेलं मी त्यांना सांगून बसले, की बाबांना माझ्यात एक गोष्ट कधी चांगली दिसली नाही.

ते हसले नाहीत. बाजूला सरकून खाटेवर जागा केली. मग म्हणाले, "तुला बापाची रीत म्हाईत नाय? नको असल्या बैलाला तो नावं ठेवायचाच नाय गो. चांगला हाय म्हनायचा न पुढं जायचा. जो मनात भरला त्याच्याच शिंगांत खोट, त्याच्याच खुरांत खोट. घरी आनल्यावर बी चारचौघांत नावं ठेवायचा, कोनी मागू नये म्हनून. सापगाववाले आले तवा मी व्हतो ना तिथं. तुझ्या खोडी सांगाया लागला, तवाच मी समजलो, हा काय पोर देत नाय."

मी तिथेच त्या खाटेच्या कडेवर बसले. समोर कुणीतरी एका बैलाचा जबडा उघडून दात बघत होतं, आणि मला मी दिसले. मी लहान आहे, एका हातात गोडीशेवेचा पुडा आहे, दुसऱ्या हाताने तुमच्या सदऱ्याचं टोक धरलं आहे. तुम्ही एका पांढऱ्या बैलाभोवती फिरता आहात. खांदा उतरलाय म्हणता, शेपटी आखूड आहे म्हणता, निघून जाता, परत येता, पुन्हा नवी खोट काढता. मला त्या बिचाऱ्या बैलाची दया येते आहे. मग रुमालाखाली दोघांची बोटं हलतात, भाव ठरतो, मालक हसतो, आणि बैल आपला होतो. घरापर्यंत तुमचा हात त्याच्या पाठीवरून निघत नाही. सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं होतं, बाबा. मी शेव खात बघत होते.

रागही आला तुमचा, लपवत नाही. बैलाला तुमचं बोलणं कळत नव्हतं, मला कळत होतं. घरात बाजाराची बोली कशाला? एकदा कधी आपण दोघंच असताना सरळ बोलला असतात तर काय बिघडलं असतं? काकांनी माझी समजूत काढायला हे सांगितलं असेल, असंही मनात येऊन गेलं. पण मग आठवलं, नकार आला त्या दिवशी तुम्ही अंगणात शीळ घालत बैल धूत होतात आणि रात्री दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या होत्यात. आई त्यावरून तुमच्याशी आठवडाभर बोलली नव्हती. हे आठवलं आणि मी बाजारात एकटीच हसायला लागले. डोक्यावरचा भारा कुणीतरी दोन्ही हातांनी उतरवून घ्यावा तसं हलकं वाटलं. अजून वाटतंय.

सोमवारी साहेबांना हो म्हटलं. प्रशिक्षणाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. मी माइक घेतला आणि पुस्तकातलं बाजूला ठेवून तुमची ही बैलांची रीत सांगितली. बाया आधी हसल्या. मग दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावला. घरात आपण बोलतो एक, मुलाला ऐकू जातं दुसरंच, आणि ते ऐकलेलं मूल जन्मभर जपून ठेवतं, एवढंच मला सांगायचं होतं. ते सांगून झालं. घसा बसला नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, हे मला कळतं. घडी करून माझ्याजवळच ठेवीन. पण एक कबूल करते. कार्यक्रम संपल्यावर एक सेविका मुद्दाम जवळ आली आणि म्हणाली, मॅडम, तुमचा आवाज छान आहे. मी हसून आभार मानले, आणि तरीही तिथेच उभी राहिले, ती आता काही खोट काढते का याची वाट बघत.